टपालातला 'क्ष'

१८९५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग गावी विल्हेल्म राँटगेन यांना एक नव्या प्रकारचे किरण सापडले. काळ्या जाड कागदातून ते आरपार जात आणि पलीकडच्या पडद्यावर उजेड पाडत. हे किरण नेमके कसले आहेत, हे राँटगेनना त्या वेळी सांगता येत नव्हते. बीजगणितात आपण अज्ञात राशीला 'क्ष' म्हणतो, तसे त्यांनी या किरणांना 'एक्स' म्हटले. लेख लिहिताना दरवेळी लांबलचक वर्णन करावे लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. म्हणजे हे नाव कामचलाऊ होते.

पुढे १९१२ साली माक्स फॉन लाउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे किरण स्फटिकातून जाऊ दिले, तेव्हा त्यांचे विवर्तन झाले. प्रकाशासारखेच, पण फार कमी तरंगलांबीचे हे तरंग आहेत, हे त्यातून कळले. अज्ञात राशी ज्ञात झाली. समीकरण सुटल्यावर आपण 'क्ष'च्या जागी उत्तर लिहितो. इथे मात्र 'क्ष' तसाच राहिला. जर्मन भाषेत त्यांना राँटगेनचे किरण म्हणू लागले, पण इंग्रजीने 'एक्स' सोडला नाही आणि मराठीने तर त्याचे भाषांतर करून 'क्ष-किरण' असे नावच घेतले.

तात्पुरती नावे अशी चिकटून बसतात, हा अनुभव आपल्याला रोजच्या व्यवहारातही येतो. पुण्यातला शिवाजी पूल १९२३ सालचा. शंभरी ओलांडली तरी जुन्या पुणेकरांच्या तोंडी तो 'नवा पूल'च आहे. तुमच्या शाळेतही एखादी 'नवीन इमारत' असेलच, आणि ती बांधली तेव्हा आजचे निम्मे शिक्षक जन्मलेही नसतील.

पूल नवा म्हटला काय किंवा जुना म्हटला काय, त्यावरून जाणाऱ्याचे काही बिघडत नाही. पण नाव वाचणारा माणूस नसून यंत्र असेल तर? या लेखात आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट अशाच एका कामचलाऊ अक्षराची आहे. योगायोगाने तेही अक्षर 'एक्स'च आहे. ई-मेलची पत्रे ने-आण करणाऱ्या प्रोग्रॅमांनी ते तीस वर्षे वापरले, आणि शेवटी ज्यांनी त्याचा नियम लिहिला होता त्यांनाच तो मागे घेण्याच्या कामात हात घालावा लागला.

पत्राचा माथा

शाळेच्या कार्यालयातून जाणारे पत्र डोळ्यांसमोर आणा. वर जावक क्रमांक, मग दिनांक, 'प्रति', 'विषय', 'संदर्भ'. मग मुख्य मजकूर. खाली 'सोबत : वरीलप्रमाणे', आणि कधी 'पुढील कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा. या ठरावीक शब्दांमुळे पत्र न वाचताच लिपिकाला कळते की ते कोणत्या नोंदवहीत चढवायचे, कुणाकडे पाठवायचे आणि त्याबरोबर काही जोडपत्रे आहेत की नाहीत.

ई-मेलच्या पत्रातही तसेच असते. पत्राच्या माथ्यावर ठरावीक साच्याच्या काही ओळी असतात, त्यांना हेडर म्हणतात. प्रत्येक ओळीत आधी एक नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग त्या नावाखालची माहिती. 'फ्रॉम' म्हणजे कुणाकडून, 'टू' म्हणजे कुणाला, 'डेट' म्हणजे कधी, 'सब्जेक्ट' म्हणजे विषय. या ओळी संपल्या की एक ओळ कोरी सोडायची आणि मग मजकूर सुरू करायचा. पडद्यावर आपल्याला यातल्या चार-पाच ओळीच दिसतात. प्रत्यक्षात पन्नास-साठ ओळीही असू शकतात, आणि त्या मुख्यतः प्रोग्रॅमांनी प्रोग्रॅमांसाठी लिहिलेल्या असतात.

कार्यालयातला लिपिक हुशार असतो. कुणी 'सोबत'ऐवजी 'जोडपत्र' लिहिले तरी तो समजून घेतो. प्रोग्रॅम तसे समजून घेत नाही. त्याला जे नाव शिकवले आहे तेच त्याला कळते. बाकीची नावे तो सोडून देतो. त्यामुळे कोणत्या ओळीला काय नाव द्यायचे हे जगभरच्या सगळ्या प्रोग्रॅमांना आधी मान्य असावे लागते. मग ही नावे ठरवायची कुणी?

मोकळीक आणि तिची किंमत

१९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेतल्या अर्पानेट या नेटवर्कवरून एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडले. पत्ता लिहिताना व्यक्तीचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्यामध्ये '@' हे चिन्ह घालण्याची पद्धत त्यांचीच. त्यानंतरची काही वर्षे पत्रे स्वतंत्र टपालसेवेने जात नसत. फायली पाठवण्याच्या व्यवस्थेवरच ती स्वार होत. ही फायलींची व्यवस्था मांडणारा १९७१ चा मसुदा अभय भूषण यांचा होता. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली पदवी घेऊन ते अमेरिकेत एमआयटीमध्ये गेले होते.

सप्टेंबर १९७३ मध्ये भूषण, पोग्रन, टॉमलिन्सन आणि व्हाइट या चौघांनी हेडरच्या ओळी कशा असाव्यात याचे एक छोटे टिपण काढले. नेटवर्कवरच्या अशा टिपणांना 'आरएफसी' म्हणतात. त्याचा अर्थ 'अभिप्राय कळवावेत अशी विनंती'. प्रत्येक टिपणाला क्रमांक असतो. या टिपणाचा क्रमांक ५६१. कुणाकडून, कधी आणि विषय या तीन ओळींचा साचा त्यात ठरवला होता. त्याशिवाय कोणताही एक शब्द, दोन टिंबे आणि पुढे काहीही, अशा आणखी ओळी घालायला मोकळीक होती.

ही मोकळीक फार मोलाची ठरली. नवी कल्पना सुचली की कुणाची परवानगी न मागता नवी ओळ घालून पाहता येत होती. विज्ञानात प्रयोगाला जे स्थान आहे तेच इथे या मोकळिकीला होते. पण तिची एक किंमत होती. समजा, एका विद्यापीठाने 'प्रायॉरिटी' नावाची ओळ काढली आणि तिच्यात १ म्हणजे सर्वांत तातडीचे पत्र असे ठरवले. दुसऱ्या विद्यापीठाने त्याच नावाची ओळ काढून १ म्हणजे सर्वांत कमी तातडीचे असे ठरवले. दोघांची पत्रे एकमेकांकडे जात नाहीत तोवर सगळे ठीक. ज्या दिवशी ती जाऊ लागतील त्या दिवशी घोटाळा.

यावर तोडगा १९७५ साली ब्रायन हार्वी यांनी सुचवला, तोही पत्रांसाठी नव्हे तर फायली पाठवण्याच्या व्यवस्थेसाठी. त्यांचे म्हणणे साधारण असे होते : नवी नावे शक्यतो नोंदवून घ्यावीत, आणि जी अगदी स्थानिक, घरगुती स्वरूपाची असतील त्यांच्या आधी 'एक्स' हे अक्षर लावावे.

ऑगस्ट १९८२ मध्ये डेव्हिड क्रॉकर यांनी पत्रांच्या साच्याचे सविस्तर टिपण लिहिले. त्याचा क्रमांक ८२२. आजच्या ई-मेलचा साचा मुळात त्यातूनच आला आहे. हार्वींची कल्पना या टिपणात पत्रांसाठी नियम म्हणून आली. ठरलेल्या नावांपलीकडच्या ओळींचे त्यात दोन गट केले. रीतसर टिपण काढून जाहीर केलेली नावे एका गटात, आणि वापरणाऱ्यांनी आपल्यापुरती काढलेली नावे दुसऱ्या गटात. आणि एक हमी दिली : जाहीर नावांच्या सुरुवातीला 'एक्स-' कधीही येणार नाही. म्हणून आपल्यापुरते नाव काढायचे असेल तर ते 'एक्स-'ने सुरू करा. उद्या कुणी जाहीर नाव काढले तरी तुमच्या नावाशी त्याची टक्कर होणार नाही.

कागदावर ही योजना निर्दोष दिसते. आम्हालाही ती पहिल्यांदा वाचली तेव्हा तशीच वाटली. गावाबाहेर एक मैदान राखून ठेवावे आणि सांगावे की इथे हवे ते प्रयोग करा, गावाला त्रास होणार नाही. दोष दिसला तो मैदानावर लोक राहायला आले तेव्हा.

'सोबत' कसे पाठवायचे?

क्रॉकर यांच्या १९८२ च्या टिपणाच्या नावातच 'मजकुराची पत्रे' असा उल्लेख होता. पत्रात इंग्रजी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे मिळून १२८ चिन्हांच्या संचाबाहेरचे काही चालत नसे. चित्र, आवाज, तक्त्यांची फाइल किंवा देवनागरी मजकूर यातले काहीच जसेच्या तसे जात नव्हते.

लोकांनी पळवाट काढली. १९८० साली बर्कली इथे मेरी अॅन हॉर्टन यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो कोणत्याही फाइलचे तीन-तीन बाइटचे गट करी आणि प्रत्येक गटाच्या जागी चार साधी चिन्हे लिही. फाइल एक-तृतीयांशाने फुगे, पण पत्रातून सुखरूप जाई. पलीकडच्या माणसाने तो अगम्य दिसणारा मजकूर वेगळा काढून उलट प्रोग्रॅम चालवायचा, की मूळ फाइल हातात. यात अडचण एवढीच, की पत्र उघडणाऱ्या प्रोग्रॅमला या मजकुरात फाइल दडली आहे हे सांगणारी हेडरची ओळ नव्हती. 'सोबत' होते, पण पत्राच्या माथ्यावर तसे लिहिलेले नव्हते.

मग ज्याने त्याने आपली ओळ काढली. सन कंपनीच्या संगणकांवरच्या पत्रप्रोग्रॅमने 'एक्स-सन-डेटा-टाइप', 'एक्स-सन-डेटा-नेम', 'एक्स-सन-कंटेंट-लाइन्स' अशा ओळींची मालिका वापरली. जोडलेली वस्तू कोणत्या प्रकारची, तिचे नाव काय, ती किती ओळींची, हे त्यात लिहिलेले असे. नेक्स्ट कंपनीच्या संगणकांनी 'नेक्स्ट-अटॅचमेंट' अशी ओळ वापरली. तिच्या सुरुवातीला 'एक्स-' नव्हता. सनकडून सनकडे पाठवलेले जोडपत्र सहज उघडे, नेक्स्टकडून नेक्स्टकडेही उघडे. पण एकाचे पत्र दुसऱ्याकडे गेले की वाचणाऱ्याच्या पुढ्यात चिन्हांचा ढीग.

सनने नियम पाळला होता, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. 'एक्स-' म्हणजे आपल्यापुरते, आणि ओळी त्यांच्यापुरत्याच होत्या. पण पत्र ही वस्तूच अशी आहे की ती आपल्यापुरती राहत नाही. ती दुसऱ्याला पाठवण्यासाठीच लिहिलेली असते. त्या पत्रातली खूण पत्राबरोबर बाहेर जाणारच. मग बाहेरच्या प्रोग्रॅमांनाही ती शिकून घ्यावी लागते, आणि असे शिकणारे दहा प्रोग्रॅम झाले की ते नाव घरगुती उरत नाही.

नावात काय सांगायचे?

हा गुंता सुटला तो १९९२ साली. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी जून १९९२ मध्ये 'माइम' या नावाने ओळखला जाणारा साचा प्रसिद्ध केला. त्याआधीच, ११ मार्च १९९२ रोजी, बोरेनस्टाइन यांनी या पद्धतीने एक पत्र पाठवले होते. त्यासोबत आपल्या चौघांच्या गाणाऱ्या चमूचे छायाचित्र आणि त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण होते.

माइमने पत्राचे अनेक भाग करायची सोय केली आणि प्रत्येक भागाच्या माथ्यावर स्वतःच्या ओळी दिल्या. या ओळींच्या नावांना एक समान सुरुवात होती : 'कंटेंट-'. 'कंटेंट-टाइप' म्हणजे आत काय प्रकारची वस्तू आहे. हे नाव १९८८ मध्ये मार्विन सिर्बू यांनी एका टिपणात सुचवलेले होते. 'कंटेंट-ट्रान्स्फर-एन्कोडिंग' म्हणजे ती कशी गुंडाळली आहे. जून १९९५ मध्ये रेन्स ट्रूस्ट आणि स्टीव्ह डॉर्नर यांनी 'कंटेंट-डिस्पोझिशन' ही ओळ सुचवली. एखादे चित्र पत्राच्या मजकुरातच दाखवायचे की वेगळे जोडपत्र म्हणून ठेवायचे, आणि त्या फाइलचे नाव काय, हे ती सांगते. आज आपण पत्राला फाइल जोडतो तेव्हा बहुतेक वेळा हीच ओळ तयार होते.

आता 'एक्स-' आणि 'कंटेंट-' या दोन सुरुवाती शेजारी ठेवून पाहा. दोन्ही नावाआधी लावायच्या खुणाच आहेत. पण 'कंटेंट-' ही खूण ती ओळ कशाबद्दल आहे हे सांगते : आतल्या वस्तूबद्दल. 'एक्स-' ही खूण ओळीबद्दल काहीच सांगत नाही. त्या ओळीची सध्याची पत काय आहे, ती मान्य झालेली आहे की नाही, एवढेच सांगते. ओळीचा अर्थ दहा वर्षांनीही तोच राहतो. पत मात्र बदलते. आज प्रयोग असलेली गोष्ट चालली, आवडली, पसरली की उद्या ती रूढ होते. आणि जी पसरते तिचेच नाव बदलणे सर्वांत अवघड असते, कारण तोवर ते हजारो प्रोग्रॅमांत कोरले गेलेले असते. थोडक्यात, 'एक्स-'चा नियम फसलेल्या प्रयोगांना अगदी नीट लागू पडत होता. त्याची अडचण झाली ती यशस्वी प्रयोगांना.

याची उदाहरणे थोडी नाहीत. माइमने वस्तूंच्या प्रकारांच्या नावांतही 'एक्स-'ची सोय ठेवली होती. वेबवर आपण एखादा अर्ज भरतो, तेव्हा ती माहिती ज्या प्रकारच्या नावाने बऱ्याचदा पाठवली जाते त्यात 'एक्स-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-फॉर्म-यूआरएलएन्कोडेड' असे शब्द आहेत. ते नाव आता रीतसर नोंदलेले, सर्वमान्य आहे, आणि तरीही त्यात 'एक्स-' आहे. फाइल दाबून लहान करण्याच्या 'जीझिप' या पद्धतीचे आधी 'एक्स-जीझिप' असे नाव रूढ झाले होते. नंतर 'एक्स-' काढला, पण जुने नाव वापरणारे प्रोग्रॅम चालूच होते. म्हणून १९९७ च्या वेबच्या नियमांत लिहावे लागले की ही दोन्ही नावे एकच समजावीत. एका वस्तूला दोन नावे, आणि प्रत्येक नव्या प्रोग्रॅमला दोन्ही शिकवण्याचे काम.

'अग्रेषित'चे तीन अर्थ

जोडपत्रांइतकीच गंमत पत्र पुढे पाठवण्यात आहे. कार्यालयात आपण 'अग्रेषित' हा एकच शब्द वापरतो, पण त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली : माझ्याकडे आलेले पत्र मी जसेच्या तसे दुसऱ्याकडे धाडले. लिहिणारा तोच, मजकूर तोच. मी फक्त हात लावला. यासाठी १९८२ च्या टिपणात 'रीसेंट-' या सुरुवातीच्या ओळी आहेत : 'रीसेंट-फ्रॉम', 'रीसेंट-टू', 'रीसेंट-डेट'. मूळच्या 'फ्रॉम' आणि 'डेट' या ओळी न पुसता या वर चढवायच्या, आवक शिक्का मूळ पत्रावरच मारावा तशा. ही सुरुवातही अर्थ सांगणारी आहे, आणि ती आजपर्यंत बदलावी लागलेली नाही.

दुसरी : मी स्वतः एक नवे पत्र लिहिले आणि आलेले पत्र त्याच्या पोटात घातले. जानेवारी १९८५ मध्ये मार्शल रोझ आणि आइनर स्टेफरुड यांनी अशा पोटातल्या पत्राच्या सीमा आडव्या रेघांच्या ओळींनी कशा दाखवाव्यात याची पद्धत मांडली. पुढे माइमने पत्र हाच एक वस्तूचा प्रकार मानला आणि अख्खे पत्र जोडपत्र म्हणून पाठवता येऊ लागले.

तिसरी : मी रजेवर आहे म्हणून संगणकालाच सांगून ठेवले की माझी सगळी पत्रे परस्पर सहकाऱ्याकडे जाऊ देत. समजा, सहकारीही रजेवर गेला आणि त्यानेही आपली पत्रे माझ्याकडे वळवली. आता एक पत्र आले तर ते दोघांमध्ये फिरतच राहील. हे थांबवायला 'डिलिव्हर्ड-टू' नावाची ओळ उपयोगी पडते. ज्या पत्त्यावर पत्र पोहोचले तो पत्ता पत्राच्या माथ्यावर लिहायचा. पुढे पाठवण्याआधी हाच पत्ता आधी लिहिलेला आहे का ते पाहायचे. असेल तर पत्र फिरून आले आहे, ते थांबवायचे. शिवाय वाटेतला प्रत्येक संगणक 'रिसीव्ड' नावाची एक ओळ वर चढवतो. अशा ओळींची संख्या शंभराच्या वर गेली तर पत्र चक्रात अडकले आहे असे समजावे, असा एक संकेत आहे.

'डिलिव्हर्ड-टू' ही ओळ १९९० च्या दशकापासून क्यूमेल, पोस्टफिक्स अशा टपालप्रोग्रॅमांनी वापरली. तिच्यासाठी बरीच वर्षे स्वतंत्र टिपण नव्हते, पण तिच्या नावात 'एक्स-'ही नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये क्रमांक ९२२८ चे टिपण निघून तिचे रीतसर वर्णन झाले, तेव्हा नाव बदलायचा प्रश्नच आला नाही.

याउलट 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या ओळीचे पाहा. वेबवर मधला संगणक आपली विनंती पुढे पाठवतो, तेव्हा मूळ विनंती कुणाची होती ते सांगायला ही ओळ वापरतात. ती स्क्विड या प्रोग्रॅमच्या निर्मात्यांनी काढली. जीमेल आपोआप पुढे वळवलेल्या पत्रांवर हेच नाव लावते, पण तिथे त्या ओळीत ई-मेलचे पत्ते असतात. एकच नाव, दोन व्यवस्था, दोन अर्थ. वेबसाठी जून २०१४ मध्ये 'फॉरवर्डेड' असे 'एक्स-'विना रीतसर नाव जाहीर झाले. तरी जुने नाव आजही सर्रास चालते, आणि म्हणून अनेक प्रोग्रॅमांना दोन्ही ओळी वाचाव्या लागतात.

नियम मागे घेताना

२००१ साली १९८२ च्या टिपणाची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा त्यातून 'एक्स-'चा भेद मुकाट्याने गळला. २००४ मध्ये हेडरच्या नावांसाठी एक नोंदवही सुरू झाली. तिच्यात दोन याद्या ठेवल्या : कायम आणि तात्पुरती. नाव तेच ठेवायचे. त्याची पत वाढली की नोंद एका यादीतून दुसऱ्या यादीत न्यायची.

शाळेत आपण नेमके हेच करतो. एखाद्या विद्यार्थ्याला दाखला यायचा आहे म्हणून तात्पुरता प्रवेश दिला, तर जनरल रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात तसे लिहितो. त्याचे नाव 'तात्पुरता गणेश' असे लिहीत नाही. दाखला आला की शेरा बदलतो. गणेश गणेशच राहतो.

शेवटी जून २०१२ मध्ये क्रमांक ६६४८ चे टिपण निघाले. नव्या नावांत 'एक्स-' वापरू नका, असा त्याचा सल्ला आहे. अर्थपूर्ण नाव घ्या, ते आधी कुणी घेतलेले नाही ना ते पाहा, आणि नोंदवा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही त्यात बजावले आहे, की नावात 'एक्स-' आहे किंवा नाही एवढ्यावरून ती ओळ कमी किंवा जास्त भरवशाची मानू नका. हे सांगणे गरजेचे होते. 'तात्पुरते' म्हणजे बिनमहत्त्वाचे, आणि 'मान्य' म्हणजे सुरक्षित, अशी समजूत माणसे जशी करून घेतात तशी त्यांचे प्रोग्रॅमही करून घेतात. टिपणाने आणखी एक शहाणपण दाखवले : जी 'एक्स-' नावे आधीच वापरात आहेत ती बदला असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

या टिपणाचे लेखक तीन : पीटर सेंट-आंद्रे, मार्क नॉटिंगहॅम आणि डेव्हिड क्रॉकर. होय, १९८२ चा नियम लिहिणारे तेच क्रॉकर. 'डिलिव्हर्ड-टू'चे २०२२ चे टिपणही त्यांचेच. आपण घालून दिलेला नियम तीस वर्षे चालताना पाहायचा, तो कुठे बोचतो ते समजून घ्यायचे, आणि कारणांसकट तो मागे घ्यायचा. विज्ञानात आपण सिद्धान्ताबाबत हीच अपेक्षा करतो. ती नियमांबाबतही पुरी होऊ शकते, हे आम्हाला यातले मोठे समाधान वाटते.

रसायनशास्त्रात हे कसे जमले?

इथे एक शंका रास्त आहे. रसायनशास्त्रात तर तात्पुरती नावे छान चालतात. १९७८ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने नव्या मूलद्रव्यांसाठी अणुक्रमांकावरून नावे पाडण्याची रीत ठरवली. ११२ क्रमांकाचे मूलद्रव्य 'उनउनबियम' म्हणजे एक-एक-दोन. १९९६ मध्ये ते तयार झाले, २०१० मध्ये त्याला 'कोपर्निसियम' हे नाव मिळाले, आणि जुने नाव पाहता पाहता विस्मरणात गेले. इथे का जमले आणि तिथे का नाही?

आमच्या मते कारणे तीन. एक, ही नावे माणसे वाचतात. वर्गातला तक्ता बदलला की काम झाले. दोन, नाव देण्याचा अधिकार एकाच संस्थेकडे आहे आणि तिचे सगळे ऐकतात. तीन, आणि हे महत्त्वाचे, 'उनउनबियम' या नावात अर्थ होता. ते मूलद्रव्याचा अणुक्रमांक सांगत होते. 'अजून मान्य नाही' एवढेच सांगत नव्हते. दोन अज्ञात मूलद्रव्यांची त्या नावांत गल्लत होऊ शकत नव्हती. 'एक्स-'ला यातला एकही आधार नव्हता.

वर्गात करून पाहा

शाळेत संगणक असेल तर हा प्रयोग तासाभरात होतो. जीमेलमध्ये एखादे साधे पत्र उघडा, बाजूच्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारून 'शो ओरिजिनल' निवडा. पत्र त्याच्या सगळ्या ओळींसकट दिसेल. मुलांना या ओळींचे गट पाडायला सांगा : 'एक्स-'ने सुरू होणाऱ्या किती, 'कंटेंट-'ने सुरू होणाऱ्या किती. 'रिसीव्ड' ओळी खालून वर वाचल्या तर पत्राचा प्रवासही कळतो. कुणाचे खासगी पत्र मात्र वापरू नका. त्यासाठी वेगळे पत्र पाठवून घ्या.

विषय देवनागरीत असलेले पत्र घेतले तर आणखी एक गोष्ट दिसेल. विषयाच्या जागी इंग्रजी अक्षरांची एक अगम्य माळ असू शकते. कारण हेडरमध्ये अजूनही बऱ्याच ठिकाणी तीच जुनी १२८ चिन्हे गृहीत धरतात, आणि आपली अक्षरे त्यात बसवण्यासाठी माइमबरोबरच १९९२ मध्ये आलेली एक गुंडाळण्याची रीत वापरतात. 'पत्र' या शब्दात संगणकाच्या हिशेबी प, त, हलन्ताची खूण आणि र अशी चार चिन्हे. प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे बारा. तीन बाइटला चार या हिशेबाने त्यांची सोळा अक्षरे होतात. गणिताच्या तासाला हे उदाहरण चालेल.

आणि हे झाले की मुलांना शाळेच्या संगणकावरच्या फायलींची नावे वाचायला लावा. 'वेळापत्रक-अंतिम', 'वेळापत्रक-अंतिम-नवीन', 'वेळापत्रक-अंतिम-नवीन-२' यांतले खरे कोणते, हे त्यांना विचारा. मग त्याच फायलींना अशी नावे द्यायला सांगा, की जी पुढच्या वर्षीही खरी राहतील. इयत्ता, सत्र, तारीख, विषय यांपैकी काय नावात घालायचे आणि काय वेगळ्या वहीत लिहून ठेवायचे, यावर वाद होईल. तो होऊ द्यावा.